खिंडीवरचा वारा

उत्तरेकडच्या एका डोंगराळ जंगलात, तळ्याच्या काठी, एक करकोचा राहत असे. हिवाळा तोंडावर आला तसा तो दक्षिणेकडे जायला निघाला. त्याच तळ्यावरच्या एका इवल्याशा धोबी पक्ष्याचा पंख दुखावला होता. मागे राहिला असता तर बिचारा गारठून मेला असता. करकोच्याने त्याला पाठीवर घेतले. पण मुलांनो, आपल्या पंखांनी उडणे वेगळे आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसून जाणे वेगळे! खालची दरी दिसली की धोबी करकोच्याच्या पिसांत तोंड खुपसे.

वाटेवरची डोंगरखिंड जवळ आली तेव्हा समोरून एक गरुड आला. करकोच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलून तो निघून गेला. "काय म्हणाला तो?" धोब्याने विचारले. "काही नाही," करकोचा म्हणाला. पण त्याच्या पंखांची गती मंदावली, हे पाठीवरच्या धोब्याला लगेच जाणवले. आभाळ तर स्वच्छ होते. आणि एकाएकी करकोचा दगडासारखा खाली गेला, पुन्हा वर फेकला गेला. "अरे, तू दमलास का? आपण पडतोय का?" धोबी ओरडला. करकोचा पंख सावरण्यात गुंतला होता. 'हा आता कोसळणार!' असे वाटून धोब्याने पिसांवरची पकड सोडली आणि दुखऱ्या पंखानिशी तो उडी मारायला उठला.

"बस खाली!" करकोचा ओरडला. "मी पडत नाहीये. खिंडीवर वारा पिसाळलाय, असे गरुडाने सांगितले होते. तू घाबरशील म्हणून मी बोललो नाही, ते चुकलेच माझे. ऐक, मी मुद्दाम सावकाश उडतोय. वेगात गेलो तर धक्के जास्त बसतात. वारा वर नेईल, खाली आणील. त्याच्याशी झगडायचे नाही, पंख तेवढे सरळ ठेवायचे. समोरच्या त्या सुळक्यापाशी याहून मोठा धक्का बसेल. पोट टेकून बस, पिसे घट्ट धर."

"आणि मग?" पुन्हा पाठीला चिकटत धोब्याने विचारले.

"मग दरीच्या मधोमध जाऊ. तिथे वारा कमी असावा. नसला तर तेही सांगेन."

सुळक्यापाशी खरोखरच मोठा धक्का बसला. धोब्याने डोळे गच्च मिटले. पण हा धक्का येणार हे त्याला ठाऊक होते. त्याची पकड सुटली नाही. "संपले का?" त्याने विचारले. "अजून नाही. थोडे हिसके बसतील," करकोचा म्हणाला, आणि तसे ते बसलेही. ऊन उतरायच्या सुमारास दोघे खिंडीपलीकडच्या एका नदीच्या वाळूवर उतरले. धोब्याची नखे पिसांत इतकी घट्ट रुतली होती की ती सुटेनात. मग करकोचा तसाच वाळूवर बसून राहिला. "सावकाश," तो म्हणाला, "मला घाई नाही."

तात्पर्य : सोबत्यापासून संकट लपवले तर त्याची भीती वाढते, खरे काय ते वेळेवर सांगितले, तर भीत भीत का होईना, तो तग धरतो.