पंख्याने कुणाचं ऐकलं

फार जुनी नाही, अलीकडचीच गोष्ट. गुडघेदुखीने बेजार झालेल्या तुळसामावशींसाठी लेकीने स्वस्तातली एक बोलकी डबी आणली आणि छताच्या पंख्याला जोडून दिली. मावशींनी नुसतं सांगायचं, डबीने पंखा बंद करायचा.

पंखा मात्र अडून बसला. "वीस वर्षं मी बटणाचं ऐकतोय. कालच्या डबीचं का ऐकू?"

एका दुपारी मावशींना थंडी वाजून ताप भरला. "बाई गं, पंखा बंद कर," त्या कण्हल्या. पंखा फिरतच राहिला. शेवटी त्या भिंत धरून उठू लागल्या, तशा लटपटल्या.

"अरे, माझं नको ऐकूस," डबी कळवळून म्हणाली, "त्यांचं ऐक!"

पंखा लगेच थांबला. मावशी पुन्हा पलंगावर टेकल्या.

"गुणाची गं माझी डबी," त्या म्हणाल्या.

पंख्याला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.