टिकली आणि बांडी गाय

गुरं मनातलं बोलून दाखवत, तेव्हाची ही गोष्ट. टिकली नावाची इवलीशी गांधीलमाशी दूरच्या शहरात, काचेच्या बरणीत माश्या कशा संपवायच्या ते शिकून आपल्या जन्माच्या गोठ्यात परतली. तिला वाटलं होतं, आपल्याला पाहताच माश्या पळतील आणि गुरं माना डोलावतील. इथे पाहते तर बांडी गाय शेपटी हलवून थकलेली, आणि तिच्या वासराच्या मानेवरची जखम माश्यांनी काळी झालेली.

"आता एकही उरणार नाही!" टिकली म्हणाली.

"आलीस का तूही?" बांडीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "डंख मारतेस?"

"नाही. शेणात माशीचे कोष असतात, त्यात अंडी घालते. माझी पिल्लं कोष आतून खातात, मग त्यातून माशी निघतच नाही."

"आणि या बसल्यात त्या?"



शेणातली पांढरी बुरशी हसली. "पोरी, मीही असंच बोलायचे. मी माशीची एक अळी गिळेपर्यंत दहा माश्या उडून जातात."

"मग थांबत का नाहीस, मावशी?"

"थांबले तर अकरा उडतील."

सकाळी माश्या पुन्हा जखमेवर बसल्या. टिकली बांडीच्या कानाशी गेली. "बांडीताई, काल मी उगाच बढाई मारली. या माश्या राहणारच. पुढच्या थोड्या कमी येतील, पण ते बघायला मी नसेन."

एवढं बोलून ती वासराच्या खुंट्याजवळच्या शेणात उतरली. बांडीने डोळे उघडले आणि त्या शेणावर पडणारा खूर उचलून बाजूला ठेवला.