मातीच्या घराची साक्ष

वेतगडच्या राजेसाहेबांची मोटारसायकल राजवाड्याच्या फाटकातच बंद पडली, आणि तीही शेजारच्या संस्थानचे राजे कौतुकाने बघत उभे असताना! राजेसाहेबांनी लाथेवर लाथ मारली. गाडीने दोनदा फुर्रर केलं आणि मान टाकली. पाहुणे मिशीतल्या मिशीत हसले. झालं! राजेसाहेबांचा पारा चढला.

"कालच दुरुस्त होऊन आली ना ही? बोलवा त्या शेठला! आणि त्या येसबालाही!"

येसबा म्हणजे गाडी पुसणारा, तिच्यात पेट्रोल भरणारा राजवाड्यातला नोकर. आणि काशीशेठ घाटाखालच्या पेठेतला दुकानदार. मोटारसायकली विकायचा आणि विकलेल्या दुरुस्तही करायचा. मध्यंतरी राजेसाहेबांची कंबर धरली होती, तेव्हा गाडी महिनाभर पागेत उभी राहिली आणि मग सुरूच होईना. बैलगाडीत घालून तिला शेठच्या कारखान्यात धाडली. आठ दिवसांनी ती बैलगाडीतूनच परत आली, नव्या नवरीसारखी नटूनथटून. सोबत शेठची चिठ्ठी होती, 'कार्बुरेटर उघडून आतून साफ केला.'

"सरकार, असा लख्ख केलाय की त्यातून दूध प्यावं!" शेठ हात जोडून म्हणाला. "तुमच्याच माणसानं गाडी धुताना टाकीत पाणी घातलं असणार."

"देवाशपथ, सरकार!" येसबा रडकुंडीला आला. "आल्यापास्नं म्या गाडीला बोट लावलं न्हाई. आधीच एवढी चकाकत व्हती, पुसू तरी काय?"

शेठच्या बाजूने त्याच्या कारागिरांनी शपथा घेतल्या, येसबाच्या बाजूने पागेतल्या मोतद्दारांनी. राजेसाहेबांना तर संस्थानच्या टपालासाठी आणखी बारा गाड्या घ्यायच्या होत्या आणि त्यांची देखभाल या शेठच्या हवाली करावी की नाही, ते आजच ठरवायचं होतं. ते कावले.

"पुरे! कारागीर शेठचं मीठ खातात, मोतद्दार माझं. मला असा साक्षीदार हवा, जो कुणाचंच मीठ खात नाही, ज्याला खोटं बोलता येत नाही, आणि जो आठही दिवस गाडीपासून हातभर हलला नाही! गाडी मात्र उघडायची नाही, नाहीतर आत कुणी काय केलं याचा नवा तंटा. येसबा, दिवस मावळायच्या आत साक्षीदार आण, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

येसबा पागेच्या ओट्यावर डोकं धरून बसला. पोरगी भिवरा भाकरी घेऊन आली होती. भिवरा गावोगावच्या बायकांना चुली घडवून द्यायची, त्यामुळे कोपरापर्यंत मातीने माखलेली. तिने सगळं ऐकलं, पाटी खाली ठेवली आणि सरळ गाडीखाली उताणी पडली. बाहेर आली ती केसांत धूळ आणि तोंडभर हसू घेऊन.

"आबा, भाकर खावा निवांत. साक्षीदार घावला!"

ऊन कलायला लागलं तशी सगळी मंडळी गाडीभोवती जमली.

"कुठाय तुझा साक्षीदार?" राजेसाहेबांनी विचारलं.

"हितंच हाय, सरकार. पर ती काय उठून यायची न्हाई. सरकारलाच वाकावं लागंल."

"वाकू? अगं, माझी कंबर आत्ताच सुटलीय!"

"मग आडवं पडा, सरकार. म्याबी तसंच बघितलं!"

कारभाऱ्यांनी जीभ चावली. पण राजेसाहेब हट्टी तसेच हौशी. जाजम अंथरलं गेलं आणि वेतगडचे अधिपती मोटारसायकलीखाली आडवे झाले!

"अरे! हे तर कुंभारीण माशीचं घर!"

"व्हय, सरकार. कार्बुरेटरच्या मागल्या अंगाला, वरनं दिसत न्हाई तिथं. अर्धं घर झाकणावर, अर्धं खालच्या भांड्यावर. वाळून खडखडीत झालंय, कालचं न्हवं. माशी कुणाचं मीठ खात न्हाई. खोटं बोलाया तिला येत न्हाई. आन तिचं घर हातभर काय, बोटभरबी हललं न्हाई! शेठनी झाकण उघडलं आसतं, तर घराची दोन शकलं झाली नसती व्हय?"

शेठ गडबडला. पण गडी मुरलेला.

"सरकार, साफसफाई झाल्यावर गाडी चार दिवस माझ्याकडेच उभी होती. तेव्हा बांधलं असेल की माशीनं!"

लोकांत कुजबुज सुरू झाली. तेही खरंच की! येसबाचा चेहरा पडला. भिवरा मात्र गोडीने म्हणाली,

"शेठ, तुमच्या पेठंत माती कशी वो?"

"काळीभोर!" शेठची छाती फुगली. "आमच्याकडच्यासारखं काळं रान शोधून सापडायचं नाही!"

"म्हून तर! काळी माती भेगाळती, तवा तुमच्या पेठंतल्या बायका वेतगडच्या तांबड्या मातीच्या चुली माझ्याकडनं घेत्यात. त्यास्नी म्या चुली पोचवते. तुमच्या माशीला माती कुणी पोचवली?"

गाडीखालून राजेसाहेब ओरडले, "तांबडं! घर तांबडंलाल आहे!" आणि असे हसत सुटले, की त्यांचं डोकं गाडीच्या पायदानावर आपटलं.

शेठने पगडी काढून हातात घेतली. "चुकलो, सरकार. वरून चमकली की आत कोण बघतोय, असं वाटलं."

राजेसाहेबांनी येसबाच्या पाठीवर थाप मारली, त्याला आपल्या शेल्याची घडी दिली, आणि राजवाड्यामागचं तांबड्या मातीचं टेकाड भिवराला चुलींसाठी कायमचं तोडून दिलं. शेठचा कारागीर कार्बुरेटर उघडायला पाना घेऊन पुढे झाला, तर भिवरा आडवी आली.

"थांबा की! घरात पिल्लं हायत."

"बरं, ती उडेपर्यंत बैलगाडीतून हिंडतो!" राजेसाहेब म्हणाले. "पण पोरी, आता तूच सांग. बारा गाड्या या शेठच्या भरवशावर टाकू की नको?"

भिवराने शेठकडे पाहिलं. शेठ हातातली पगडी गोल गोल फिरवत होता.

"टाका की, सरकार! हात त्यांचं चांगलं हायत. फकस्त गाडी धाडताना दर गाडीखाली एकेक कुंभारीण बसवून धाडा!"

सगळ्यांच्या आधी हसला तो काशीशेठच. आणि राजेसाहेब? त्यांची कंबर पुन्हा धरली, पण या खेपेला हसून हसून!