गोदीच्या गळ्यातली गाठ

एकदा एक तरुण आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर आली. पौषातली सकाळ होती आणि शाळेच्या घड्याळात नुकतेच सव्वासात वाजले होते. वेळ मुद्दाम सांगितली, कारण वाटेत ते घड्याळ दिसले त्याच क्षणी तिने मनाशी पक्के केले होते, की आज ती गाठ शिकल्याशिवाय घरी परतायचे नाही.

गाठ कसली, तर उपरण्याची. मुलीचे नाव गोदी. मागच्या हिवाळ्यात गोदीची छाती अशी भरून आली होती की पोर डोळेच उघडेना. कशीबशी ती उठली, तेव्हा वैद्य आईला म्हणाले, "यंदा निभावलं. पुढच्या थंडीत हिचा गळा आणि छाती उघडी पडू देऊ नका." ते वाक्य आईच्या काळजात रुतून बसले. दिवाळी सरली तशी तिने आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ पदर कापला, कडा दुमडून शिवल्या आणि गोदीसाठी लहानसे उपरणे केले. पण गोदी ती गोदी! आईची पाठ वळली की उपरणे गळ्यातून बाहेर. कधी ते कुंपणावर लोंबताना सापडे, कधी चुलीपुढच्या राखेत, आणि एकदा तर शेजारच्या शेळीच्या गळ्यात सापडले. शेळी ऐटीत उभी आणि गोदी उघड्या गळ्याने टाळ्या पिटते आहे! सगळी गल्ली हसली. आईला हसू आले नाही. तिला मागच्या वर्षीचा तो घरघरणारा श्वास ऐकू येत होता.

गुऱ्हाळावर गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, रटरटत असे, आणि तिच्याखालच्या चुलाणाच्या उबेला एक वृद्ध गृहस्थ कमरेला कात्री खोचून बसत. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. उपरणे, शेला, पंचा, कोणतेही वस्त्र अंगावर कसे घ्यावे हे शिकावे तर आप्पांकडून. नवरदेव त्यांच्याकडे येई, कीर्तनाला उभा राहणारा येई, लांबच्या वाटेला निघणाराही येई. आप्पा माणूस पाहत, त्याचे काम विचारत आणि मगच वस्त्राला हात लावत.

"आप्पा," आई म्हणाली, "मला न सुटणारी गाठ शिकवा."

"कुणाला बांधायचंय? बैलाला?"

"बैलाला दावं आहे. ह्या बाईसाहेबांना बांधायचंय."

"मी बैल नाही," गोदीने तिथल्या तिथे सांगून टाकले.

आप्पा हसले. त्यांनी गोदीला समोर उभे केले. "गाठीचं मागाहून बघू. आधी कपडा घ्यायला शीक. कपडा एकच असतो, बाई. खांद्यावरून सोडला की शोभा देतो, कमरेला आवळला की कामाला बळ देतो आणि कानावरून घेतला की ऊब देतो. आपल्याला काय हवंय ते ठरवून हात चालवायचा."

मग त्यांनी एकेक तऱ्हा दाखवली. उपरणे मानेमागून आणून दोन्ही पदर छातीवर तिरपे घ्यायचे आणि पाठीशी कमरेत खोचायचे. किंवा डोक्यावरून कान झाकून हनुवटीखाली आणायचे आणि टोके झबल्याच्या आत सोडायची. आणखी एक तऱ्हा होती ती सुरगाठीची, जी एक टोक ओढताच उकलते. आईचा हात चलाख होता. दाखवले की तिला जमे. पण प्रत्येक वेळी आप्पा एक विचित्र कृती करत. तिचे बांधून झाले की दोन बोटांनी टोक धरत आणि हिसका देत. उपरणे गळून पडे.

"छान," ते म्हणत.

पहिल्यांदा तिने ते उचलून पुन्हा बांधले. दुसऱ्यांदाही बांधले. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवले नाही. "छान काय, आप्पा? सुटलं की!"

"सुटलं म्हणूनच छान."

आईच्या कपाळावर आठी पडली. म्हातारपणी माणसाचे असे होते, तिने मनात म्हटले. खरी विद्या हे देत नाहीत, वरवरचे दाखवून वाटेला लावतात. तिने उपरणे उचलले, गोदीच्या गळ्याभोवती दोन वेढे घेतले, कानाखाली गाठ मारली, तिच्यावर दुसरी निरगाठ मारली आणि टोक दातात धरून ती करकचून आवळली. "आता ओढा!"

आप्पांनी ओढले. गाठ हलली नाही. गोदी मात्र दोन पावले पुढे खेचली गेली.

"हे चुकलं," आप्पा शांतपणे म्हणाले.

"चुकलं तर चुकलं! मी हेच बांधणार. तुम्ही हिला मागच्या वर्षी पाहिलं नाही, आप्पा. मी पाहिलंय."

 आप्पांनी चुलाणात उसाच्या वाळल्या चिपाडांची एक मूठ सारली आणि तिच्या हाताकडे पाहत राहिले.

तेवढ्यात गुळाचे एक व्यापारी आले. नवा गूळ कसा उतरतो आहे ते पाहायला शेठ दर हंगामात येत. आज त्यांच्या गळ्यात जरीच्या काठाचा शेला होता. दोन वेढे, कानाखाली ठसठशीत गाठ आणि पुढे लोंबणारी दोन लांब टोके.

"बघा आप्पा, शहरात हल्ली सगळे असाच घेतात. घाटातला वारा लागला, पण जागचा हलला नाही!"

"जरा ओढू का, शेठ?"

"ओढा की! मी म्हणतो बैल लावा!"

आप्पांनी टोकाला हिसका दिला. शेठची मान तेवढी लवली. "वाईट बांधलाय," आप्पा म्हणाले.

"सुटत नाही म्हणून वाईट? अहो, मग तुमच्या मताने माझं धोतरसुद्धा सुटायला पाहिजे!"

गुऱ्हाळावरचे गडी खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने आई हसली. तिच्या बाजूने बोलणारा आता एक मोठा माणूस होता. तिने गोदीच्या गाठीवरून समाधानाने हात फिरवला आणि तिला घेऊन चरकाकडे गेली. एवढी थंडीची आली आहे, तर पोरीला घोटभर रस मिळावा.

चरकाला बैल जुंपलेले होते. ते गोल फिरत आणि लोखंडी लाटांतून, म्हणजे रुळांतून, ऊस चिरडून पलीकडे जाई. शेठही तिथे आले. "रसाला रंग कसा आहे पाहू," म्हणत ते वाकले. त्यांच्या शेल्याचे टोक पुढे घरंगळले आणि उसाच्या कांडीबरोबर लाटांत गेले.

चरकाला ऊस कोणता आणि शेला कोणता हे कसे कळणार? त्याने ओढायचे काम केले. शेठची मान खाली, आणखी खाली जाऊ लागली. त्यांना ओरडायचे होते, पण आवाज गळ्यातच अडला.

"होऽ! होऽ! थांबव बैल!" गडी ओरडले.

बैल थांबले. पण लाटांनी शेला दाबून धरला होता आणि बैलांना मागे सारता येईना. शेठच्या सर्वांत जवळ आई होती. गोदीला खाली सोडून ती धावली आणि तिने गाठीला हात घातला. ती गाठ तिच्या ओळखीची होती. मघाशी स्वतःच्या दातांनी आवळली होती तीच. कशी मारतात ते तिला ठाऊक होते, म्हणून कशी सुटेल तेही जमेल असे तिला वाटले. पण ओढ बसून गाठीचा दगड झाला होता. तिचे नख मुडपले, बोटे घसरली. शेठचे डोळे पांढरे होऊ लागले.

कुणीतरी तिला बाजूला केले. आप्पा होते. त्यांनी शेला आणि गळा यांच्यामध्ये आपले बोट घुसवले, बोटाच्या आधाराने कात्रीचे पाते सरकवले आणि जरीसकट शेला कापला. शेठ चिपाडांच्या ढिगावर बसकण मारून पडले. बराच वेळ नुसता खोकण्याचा आवाज येत होता. पाणी पिऊन झाल्यावर ते क्षीण स्वरात म्हणाले, "आप्पा, उद्यापासून सगळं सुटेल असंच बांधीन."

"तेवढं धोतर वगळा, शेठ," बैलामागचा गडी म्हणाला. सगळ्यांचा अडकलेला श्वास त्या हसण्यातून मोकळा झाला.

आई हसली नाही. ती वळून पाहत होती.

गोदी चरकाच्या अगदी कडेला येऊन उभी होती. हातात उसाचे कांडे, चेहऱ्यावर कुतूहल. तिच्या उपरण्याचे टोक लाटांपासून वीतभर अंतरावर लोंबत होते.

आईने तिला झडप घालून उचलले, चुलाणापाशी आणले आणि गुडघ्यांवर बसून गाठ सोडू लागली.  गाठ सुटेना. तिने दात लावले. गोदी कुरकुरली, "आई, दुखतंय."

आप्पांनी कात्री तिच्या गुडघ्यापाशी ठेवली.

तिने एकदा कात्रीकडे पाहिले, एकदा त्या मऊ कापडाकडे. मग आप्पांनी केले तसेच आपले बोट मुलीच्या गळ्याशी घातले आणि आपल्या हाताने उपरणे कापले.

गोदीला जवळ घेऊन ती म्हणाली, "आप्पा, पण थंडी खोटी नाही. वैद्यांचं म्हणणं खोटं नाही. मग मी करू काय?"

"थंडी खरी आहे, मुली. तुझं भयही खरं आहे," आप्पा म्हणाले. "पण तू काय शोधत होतीस ते बघ. एकदाच असं बांधायचं, की पुन्हा बघावं लागू नये. निरगाठ मारली की आपली काळजी आपण लेकराच्या गळ्यात अडकवतो आणि स्वतः मोकळे होतो. सुरगाठ मारली की काळजी आपल्या हातात राहते, आणि तिची जागा तीच आहे. वाऱ्याने सुटणार नाही इतकं बांधावं, ओढीला सुटेल इतकं सैल ठेवावं. गळ्याभोवतीच्या वस्त्राला धरता आलं पाहिजे, तसं सोडताही आलं पाहिजे. मायेचंही तेच."

"आणि सुटून पडलं तर?"

"पुन्हा बांधायचं."

"ही दिवसातून शंभरदा काढून टाकते, आप्पा!"

"मग तू दिवसातून शंभरदा आई हो."

आईने डोळे पुसले. कापलेल्या उपरण्याचा मोठा तुकडा उचलला, गोदीच्या कानांवरून घेतला, छातीवर तिरपा केला आणि टोके झबल्यात खोचली. मग आप्पांच्या आधी तिनेच टोक धरून हिसका दिला. उपरणे अलगद सुटून तिच्या हातात आले. तिने मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतले.

घरी जाताना गोदीने बोरीच्या झाडाखाली ते काढून फेकले. आईने उचलले, काटे झटकले, पुन्हा घातले. ओढ्यापाशी पुन्हा फेकले. आईने पुन्हा उचलले. वेशीपर्यंत पोरीला तो खेळच वाटू लागला. आई दमली होती, पण तिचा हात मागे हटत नव्हता. सकाळी निघताना जो निर्धार तिच्या मुठीत होता तो अजूनही तसाच होता. फक्त आता ती मूठ उघडी होती.

त्या हिवाळ्यात गोदीला खोकला झाला आणि बराही झाला. वेशीतल्या बाया आईला विचारत, "काय गं, सारखी पोरीच्या मागं उपरणं घेऊन पळतेस, एकदाची गाठ का मारत नाहीस?" तेव्हा ती थांबे आणि त्यांना गुऱ्हाळावरची सगळी हकिकत सांगे.

आता ती तुमच्याही कानी आली आहे. आज आपल्या लेकराच्या गळ्यात जे असेल, उपरणे, ओढणी, कानटोपीची नाडी किंवा ताइताचा दोरा, त्याला एकदा हलकेच ओढून पाहा. सुटले तर बरे आहे. आणि ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरी आजच जाऊन एवढे सांगा.