झाडातली बाळंतीण

एक होता राजा. त्याला हवा होता नवा महाल, आणि महालाला हवी होती लाकडं. मग त्यानं हुकूम सोडला, पलीकडचं रान तोडा.

त्या रानाच्या पायवाटेवर देवकू राहायची. हिरडे, शिकेकाई वेचून पोट भरायची. ती धावत दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, रान रिकामं न्हाई. पाखरांची घरं हायेत तिथं."

राजा म्हणाला, "मला तर कधी एक पाखरू दिसलं नाही. तीन दिवस देतो. दाखव. नाहीतर कुऱ्हाडी निघाल्याच समज."

पहिल्या दिवशी राजा हत्तीवर बसून निघाला. पुढं ढोल, मागं ताशे. राजाच तो, बरं का! पाखरं कसली थांबतात? दिसला फक्त हत्ती, तोही यांचाच.

दुसऱ्या दिवशी ढोल घरी ठेवले. पण डोक्यावर हिऱ्याचा तुरा, अंगरख्याला जर. उन्हात असा लखलखला, की पाखरं पार डोंगरापल्याड. एकच दिवस उरला होता.

तिसऱ्या दिवशी तिनं राजाला आपली घोंगडी पांघरवली आणि अनवाणी चालवलं. पण त्याचं तोंड कुठं बंद? "कुठंय? कुठंय?" सुरूच. मग काय, पायात गेला करवंदीचा काटा! हा एवढा. देवकू काटा काढायला बसली. आता प्रजेसमोर राजा ओरडतो होय? त्यानं ओठ दाताखाली दाबला आणि गप्प बसला. जन्मात पहिल्यांदा.

मग तांबट पक्षी बोलला, टुक टुक. मग पिवळाधम्मक हळद्या आला. आणि मग मोठ्या चोचीचा धनेश आला, तो खोडाच्या फटीत एकेक उंबर भरवायला लागला.

"झाडाला भरवतोय?" राजा कुजबुजला.

"झाडाला न्हाई, महाराज. आत त्याची बाळंतीण हाय. दार लिंपून बसलीय पिल्लांपाशी."

तेवढ्यात धनेशानं मान वळवली आणि चक्क माणसासारखा बोलला, "पाहुणे, जरा हळू. आत्ताच डोळा लागलाय पिल्लांचा."

राजा चवड्यांवर मागं फिरला. बाळंतिणीच्या खोलीवर कुऱ्हाड कोण घालणार? प्रधानाला म्हणाला, "पिल्लं उडाली की तोडू." पिल्लं उडाली. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा बाळंत. त्याच्या पुढच्या वर्षीही. नवा महाल राहिला तो राहिलाच. जुना गळायचा, तिथं परात ठेवून राजा सुखानं झोपायचा. देवकूही आपल्या वाटेवर सुखात राहिली.

चला, ओढा पांघरूण. आणि आता हळू बोला बरं, पिल्लांचा डोळा लागलाय.