मृगावती राणीचे मांजरदार

एका राज्यात राजा होता, राणी होती, हत्ती होते, घोडे होते. झोप तेवढी नव्हती.

त्याचे असे झाले. राजकन्येच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या, त्या भुरकुंड मांत्रिकापर्यंत पोचेतो संपल्या. भुरकुंडाने रिकामा द्रोण पाहिला, दाढी झटकली आणि शाप दिला, "हिची झोप मी तुमच्या दोन मांजरांच्या घुरघुरीत ठेवली. ती पाळण्याखाली येऊन घुरघुरतील तेव्हाच ही पाळण्यात झोपेल. आणि माणसाने हाताने उघडलेल्या दारातून ती आत येणार नाहीत!"

तेव्हापासून ढमी आणि काजळी ही दोन्ही मांजरे दाराबाहेर बसून ओरडत. दार उघडले की आत बघत आणि बसून राहत. राजकन्येचा डोळा राणीच्या खांद्यावर लागे. पाळण्याला पाठ टेकली की उघडे.

मृगावती राणी शास्त्रे शिकलेली. त्यामुळे काळजीची कारणे तिला इतर बायांपेक्षा जास्त ठाऊक होती. ती वडावरच्या साळुंकीकडे गेली.

"साळुंकीबाई, उपाय सांगा."

"दारात दार कर. मांजर डोक्याने ढकलील, हाताचं काम नाही. पण कामं तीन. लठ्ठ मांजराचं माप घे. मांजराला हलेल पण वाऱ्याला हलणार नाही अशी झडप निवड. आणि ते दार मांजराला आपलं वाटू दे. पहिली दोन सोपी आहेत."

राजसुतार ढमीचे माप घ्यायला बसला. ढमी आडवी झाली की पसरे, उचलली की लांब होई.

"हे मांजर आहे की तूप?" राजा म्हणाला.

पोट जमिनीपासून किती उंच, ते पाहायला सुतार वाकला. मध्ये जागाच सापडेना. अखेर ढमी ज्या टोपलीत जेमतेम मावे, त्या टोपलीचे माप धरले.

मग झडप. राजाने सोन्याची करवली. काजळीने ढकलली, कपाळ आपटले, आणि राजाकडे असे पाहिले की राजाने क्षमा मागितली. रेशमाची लावली, ती वाऱ्यावर नाचू लागली. मग पातळ सागवानी फळी वरच्या कडेला टांगली. ती मांजराच्या डोक्याने उघडे आणि आपसूक मिटे.

"यातून राक्षस आला तर?" राणीने विचारले.

"ढमीएवढा असेल तर येऊ दे," राजा म्हणाला. "आपण त्यालाही पाळू."

उंबरठ्याला करवत लावायची नसते, म्हणून त्याच्या वर दाराला भोक पाडून झडप बसवली. नवे दार म्हटल्यावर पूजा आलीच. हळदकुंकू वाहिले, इवलेसे तोरण बांधले, आणि राणीने स्वतःच्या हाताने झडपेवर लिंबू-मिरची टांगली.

मांजरे आली. हुंगून माघारी वळली.

सुकट ठेवून पाहिली. वळली. राजाने ओणवे होऊन शिकवणी म्हणून झडपेत डोके घालून दाखवले. डोके गेले ते अडकलेच, मुकुट अलीकडे राहिला. काजळी त्या मुकुटात जाऊन बसली.

आत राजकन्येने सूर लावला. राणी रडकुंडीला येऊन झडपेशी बसली. तेवढ्यात ढमी पुन्हा आली, तिचे नाक लिंबाला लागले, आणि ती शिंकली.

राणीने दोऱ्याला हात घातला.

"अहो, दृष्ट लागेल!" राजा झडपेतूनच ओरडला.

राणीचा हात थबकला. त्या एका दोऱ्यात तिने राक्षस, साप, ताप, उचकी, सारे ओवून बाहेर टांगले होते. ते सोडायचे? आत राजकन्येचा आवाज चिरकला.

"लागू दे," राणी म्हणाली. "आधी डोळा लागू दे."

तिने लिंबू-मिरची तोडून अंगणापार भिरकावली आणि राजाला खेचून मोकळे केले. ढमीने झडप ढकलली. टक्. मागून काजळी. टक्.

पाळण्याखाली घुरघूर सुरू झाली. जात्यावर कोणी हळूहळू दळत असावे तशी. राजकन्येने एक जांभई दिली आणि ती झोपली. इतकी गाढ, की राणीने घाबरून तिच्या नाकाखाली बोट धरले. श्वास चालू होता. राणीने तरी पुन्हा धरून पाहिले.

शाप सुटला! दवंडीवाल्याने ढोल गळ्यात अडकवला आणि टिपरी उगारली. राजाने धावत जाऊन ती वरच्यावर पकडली.

आणि त्या राज्यात, शाप सुटल्याची दवंडी घरोघरी जाऊन कानात सांगितली गेली.