तिवरगडाचा बिनकवाडाचा दरवाजा

तिवरगडाच्या महादरवाजाला कवाडं नाहीत. कमान शाबूत, दोन्ही बुरूज शाबूत, पण दार नाही. मध्यंतरी शहरातल्या मंडळींनी नवं सागवानी दार बसवायचं ठरवलं, तर अख्खी मेटवाडी आडवी आली. गड दाखवणारे धाऊबाबा त्याचं कारण सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

गडाच्या निम्म्या वाटेवर मेट होतं, म्हणजे पहाऱ्याची वस्ती. तिथला नाईक येसू. त्याची बायको सोनाई गडावर दूध घालायची. मुघलांची फौज खिंडीत शिरली, तेव्हा ती वरच होती म्हणे. येसूने मूठभर माणसांनिशी खिंड धरली. आता टिकाव लागत नाही असं दिसल्यावर जखमी सोबत्यांना घेऊन तो दरवाजाशी आला.

"दार उघडा! आम्ही मेटकरी!"

रावजी दरवानाने अडसराला हात घातला. किल्लेदार गरजला, "खबरदार! त्यांच्यामागून गनीम आत येईल." या किल्लेदाराचं नाव मेटवाडीत कुणी घेत नाही, त्यामुळे ते आता कुणाला ठाऊकही नाही.

"सरकार, गनीम अजून वळणाखाली हाय," सोनाई ओरडली. "तेवढ्यात समदे आत येत्याल!"

"वर धान्य बेताचं आहे. एवढी तोंडं कुठून पोसू?"

रावजीचा हात खाली आला. सोनाई कवाडाला बिलगून उभी राहिली. बाहेरून मुठी आदळत होत्या, येसूची हाक येत होती. मग तलवारींचा खणखणाट झाला. मग काहीच ऐकू येईना.

ती रडली नाही असं सांगतात. वेढा पडला तशी ती पदर खोचून तटावर दगड वाहू लागली. किल्लेदार समोर आला की त्याच्याकडे टक लावून बघायची, आणि तो मान वळवायचा.

पुढे वेढा लांबला आणि किल्लेदाराने गनिमाशी बोलणं लावलं. गड द्यायचा आणि त्याबदल्यात आपल्या कुटुंबकबिल्यासह सुखरूप निघून जायचं. मुघलांचा वकील दाराशी आला तेव्हा किल्लेदाराने फर्मावलं, "रावजी, दार उघड."

सोनाईने धावत जाऊन अडसराला मिठी मारली.

"माझा धनी हाका मारत व्हता तवा ह्यो अडसर हलला न्हाई! आन् त्याला मारणाऱ्यांना दार उघडताय व्हय?"

किल्लेदाराने तलवार उपसली. रावजीने त्याचं मनगट धरलं आणि मुरगळलं. "त्या दिशी हुकूम ऐकला," तो म्हणाला, "त्याची लाज झोपू देत न्हाई. आज न्हाई ऐकायचा."

शिबंदीने किल्लेदाराला अंबरखान्यात, त्याच्याच धान्यात कोंडलं. तटावरून धोंडे सुटले. गड पडला नाही. शेवटी कंटाळून फौज निघून गेली.

तोवर दाराबाहेरच्या मेटकऱ्यांना अग्नीसुद्धा मिळाला नव्हता. दार उघडलं तेव्हा हाडंच उरली होती. सोनाईने कुऱ्हाड मागितली. "ज्याला आपली माणसं वळखू येत न्हाईत, ते दार कशाला?" असं म्हणत तिने पहिला घाव घातला, दुसरा रावजीने. त्याच लाकडांवर येसूला आणि त्याच्या माणसांना अग्नी दिला. पुन्हा दार बसलं नाही.

आजही चैत्रात मेटवाडीचे गडी कमानीबाहेर उभे राहतात, बाया आत. बाहेरून त्या मेलेल्यांचं एकेक नाव पुकारलं जातं आणि आतून साऱ्या बाया एका आवाजात ओरडतात, "ये, आत ये!" पाहुण्यांना वाटतं, हे रडगाणं असेल. पण त्या वेळी एकाही बाईच्या डोळ्यांत पाणी नसतं, आणि मुठी वळलेल्या असतात.